आठवड्याचा बाजार आणि हातखर्चाचा हक्क

नीतीचा विचार करावयास बसले म्हणजे आपण सहसा थोर प्रश्नांपासून आरंभ करतो. सत्य कोणत्या प्रसंगी झाकावे, हिंसा कोठे क्षम्य ठरते, धर्मसंकटात कोणाची बाजू घ्यावी, अशा प्रश्नांवर आपल्या देवळांच्या सभामंडपांतून पुष्कळ निरूपणे झाली आहेत व ती व्हावीतही. परंतु बहुतेक गृहस्थांच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे येतात. त्यांच्या नीतीची परीक्षा होते ती बाजाराच्या दिवशी. डिचोलीच्या माणसाला ती दर बुधवारी द्यावी लागते. म्हापशाच्या बाजारावर अवलंबून असणाऱ्या पेडणे आणि बार्देशच्या माणसाला ती दर शुक्रवारी द्यावी लागते. हातात मोजके पैसे, घरी मोजकी तोंडे आणि पुढे सात दिवस, एवढ्यात जो निवाडा होतो त्याला आपण 'व्यवहार' असे नाव देऊन मोकळे होतो. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न असतो. पैसा थोडा असला म्हणजे कोणाची गरज आधी? जेवणावाचून जो खर्च, तो स्वतःसाठी करण्याचा अधिकार घरात कोणाला आहे? आणि त्या खर्चाचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा?

गोमंतकीय संसाराची दोन मापे पूर्वीपासून चालत आली आहेत. एक वर्षाचे आणि दुसरे आठवड्याचे. वर्षाचे माप म्हणजे पुरुमेंत. पावसाचे चार महिने पुरेल एवढे जिन्नस चैत्र-वैशाखात घरात आणून ठेवावयाचे: उकडे तांदूळ, आगरवाड्याचे मीठ, हरमलची मिरची, कांद्यांच्या माळा, चिंच, सोले, सुके बांगडे व सुकी सुंगटे. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण त्यामागील शहाणपण आपल्या पावसाने शिकविलेले आहे. आठवड्याचे माप म्हणजे बाजार: भाजी, ताजे नुस्ते, तेल आणि आठ दिवसांपुरते लागणारे किरकोळ सामान.

आता पाहा, काटकसरीचा जो उपदेश आपण गरिबाला करतो, तो बहुतेक पहिल्या मापाचा असतो. 'वेळेवर भरून ठेवले असते तर महाग घ्यावे लागले नसते,' असे आपण म्हणतो. ते खरेही आहे. पण वेळेवर भरून ठेवण्यास एकरकमी पैसा लागतो आणि ठेवण्यास कोरडी जागा लागते. ज्याची मजुरी शनिवारी मिळून शुक्रवारपर्यंत संपते, त्याने मे महिन्यात मिठाचे पोते कशाने घ्यावे? तो पसरकाराकडून पावशेर पावशेर घेतो, आणि पावशेराने घेणारा नेहमीच अधिक भाव देतो. म्हणजे ज्याच्याजवळ कमी, त्यालाच तीच वस्तू महाग पडते. काटकसर हा सद्गुण खरा, पण तो बऱ्याच अंशी ऐपतीवर उभा असतो, ही गोष्ट उपदेशकाने विसरू नये. ज्याला साठा करता येतो त्याने आपल्या साठ्याचे श्रेय संपूर्णपणे आपल्या स्वभावाला देऊ नये.

आठवडा लहान असला तरी त्यावर मोठ्या जगाची सत्ता चालते. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बेळगावकडून येणारी भाजी आणि बटाटे थांबले. बटाटे हॉलंडहून आणि चहा सिंहलद्वीपाहून आणण्याची पाळी पोर्तुगीज शासनावर आली. एकाच गृहिणीच्या हयातीत घरखर्चाचे नाणे दोनदा बदलले. आधी रुपया आणि टांगा, १९५८ नंतर एस्कुदो, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया. अलीकडील उदाहरण डिचोलीचेच घ्यावे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ज्या घरांनी ट्रकांसाठी कर्ज घेतले होते तेथे हप्त्याचा दिवस चुकला नाही, मिळकत मात्र चुकली. आठवड्याच्या पैशावर पहिला हात बँकेचा पडू लागला आणि उरले ते चुलीच्या वाट्याला आले. नाणे बदलले, राज्य बदलले, धंदे बदलले, परंतु थोड्या पैशात कोणी काय सोडावयाचे, हा प्रश्न जसाच्या तसा राहिला.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर दिले जाते. आधी अन्न, मग वस्त्र, मग भाडे, आणि हे तिन्ही पुरे होईपर्यंत बाकी सारे चैन. हे उत्तर दिसावयास निर्दोष आहे. पण ते शेवटपर्यंत नेले म्हणजे काय होते, हे एका इंग्रज गृहस्थाने फार पूर्वी दाखवून ठेविले आहे. यॉर्क शहरातील सीबोम राउंट्री याने १८९९ साली तेथील मजुरांच्या घरांची पाहणी केली व १९०१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आईबाप आणि तीन मुले अशा कुटुंबाला केवळ देह चालू ठेवण्यास आठवड्याला किती लागेल, याचा त्याने हिशेब मांडला. अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, इतर गोष्टींना ४ शिलिंग ११ पेन्स. एकूण २१ शिलिंग ८ पेन्स. पुढे त्याने या रकमेत जगणे म्हणजे काय, ते उलगडून सांगितले. अशा कुटुंबाने कधी गाडीत बसावयाचे नाही, वर्तमानपत्र घ्यावयाचे नाही, परगावच्या मुलाला पत्र पाठवावयाचे नाही, मुलीला बाहुली द्यावयाची नाही, बापाने तंबाखूला शिवावयाचे नाही आणि प्रार्थनामंदिराला एक पैदेखील द्यावयाची नाही.

राउंट्रीने ही यादी नियम म्हणून लिहिली नव्हती. एवढ्यात माणसाला माणसासारखे जगता येत नाही, हे वाचकाला उमजावे म्हणून लिहिली होती. आपल्याकडे मात्र गरिबाच्या संसाराचा विचार करताना हीच यादी आपण नियमासारखी त्याच्यापुढे ठेवतो. जत्रेत त्याने खाज्याची पुडी घेतली की आपले लक्ष जाते. मुलीच्या केसांत पावली-आठ आण्यांची फीत दिसली की आपण मनात तिची किंमत करतो. देवळाच्या पेटीत त्याने टाकलेले नाणे तेवढे आपल्याला योग्य वाटते, कारण ते आपल्या देवाला पोचते. पण ज्या मनातून ते नाणे निघाले, त्याच मनातून ती फीतही निघाली आहे. केवळ पोटापुरते जगणारा प्राणी देवाला काही देत नाही आणि मुलीलाही काही आणीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, थोडक्यात जगणे हाच आपल्या परंपरेचा आदर्श आहे. अमेरिकेतही थोरोने वॉल्डन तळ्याकाठी राहून तोच धडा घातला. त्याने आपल्या अन्नाचा जमाखर्चही छापला, आणि सुमारे २७ सेंटांत आपला आठवडा निघतो असे दाखविले. ते सारे आदरणीय आहे. परंतु थोरो एकटा होता, त्याने ते जीवन आपण होऊन पत्करले होते, आणि नकोसे होताच गावात परत येण्याची वाट त्याला मोकळी होती. तो १८४५ मध्ये तळ्याकाठी गेला आणि १८४७ मध्ये परतला.

हा भेद आपल्याला परदेशातून शिकावयास नको. शिरगावच्या लईराईचे धोंड वैशाखातील जत्रेपूर्वी व्रत पाळतात. त्या व्रताला संकल्प आहे, दिवसांची गणती आहे आणि शेवट आहे. व्रतस्थ माणूस कमी खातो, पण त्याला गाव मान देते, आणि कोणत्या दिवशी आपण सुटणार हे त्याला ठाऊक असते. ज्या घरात पैसा पुरत नाही म्हणून कोणी कमी खातो, तेथे संकल्प नसतो, मान नसतो आणि पारणेही नसते. दोघांच्या ताटात एकच पेज असेल; पण एकाने आपल्या इच्छेचा संयम केला आहे आणि दुसऱ्याच्या इच्छेला कोणी विचारलेच नाही. संयम त्यालाच करता येतो ज्याला निवड आहे. म्हणून दुसऱ्याच्या टंचाईला 'साधी राहणी' असे सुंदर नाव देणे ही एक प्रकारची असत्यवाणीच होय.

आता घराच्या आत येऊ. आठवड्याच्या पैशातून जेव्हा काही कमी करावयाचे असते तेव्हा ते कोणाच्या वाट्याचे कमी होते? लंडनच्या लँबेथ भागात मॉड पेंबर रीव्ह्स आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी आठवड्याला सुमारे एका पौंडात चालणाऱ्या घरांची पाहणी केली. ती पुस्तकरूपाने १९१३ साली प्रसिद्ध झाली. त्या घरांत अन्नाचा चांगला भाग कमावत्या पुरुषाला जाई, मग मुलांना, आणि आई उरल्यासुरल्यावर भागवी. लँबेथपासून पेडण्यापर्यंत समुद्र पुष्कळ आहे, पण ही ओळ ओळखीची वाटली नाही असा वाचक विरळा. नुस्त्याचा मोठा तुकडा कोणाला, मधला कोणाला, आणि हुमणाचा केवळ रस कोणाला, हे आपल्या घरात कोणी ठरवीत नाही. ते ठरलेलेच असते. सर्वांची जेवणे आटोपल्यावर भांड्याच्या तळाशी जे उरते ते घरातील बाईचे जेवण.

यावर उत्तर तयार असते की, ती ते प्रेमाने करते. ते नाकारण्याचे कारण नाही. मुलाच्या ताटात आपला घास घालणाऱ्या आईच्या प्रेमाला तराजू लावणे हे हलकेपणाचे ठरेल. पण एक प्रश्न उरतोच. त्याग तो करतो ज्याच्याजवळ काही असते. ज्या घराच्या हिशेबात तिच्या नावापुढे कधी आकडाच मांडला गेला नाही, तिने नेमके कशाचा त्याग केला? तिचा वाटा आधी मांडा. मग तिने तो मुलाला दिला तर त्याला त्याग म्हणा आणि त्याचे ऋण माना. वाटा न मांडता केलेली तिची स्तुती ही घरातील इतरांची सोय असते. शिवाय, जे दर आठवड्याला एकच माणूस सोडतो ते हळूहळू कोणाच्या नजरेस पडेनासे होते. आणि जे नजरेस पडत नाही त्याबद्दल कृतज्ञता तरी कशी राहणार?

येथे आपल्या देवस्थानांच्या जमाखर्चाकडे पाहणे उपयोगाचे होईल. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली महाजनांच्या संस्थांसाठी जो नियमग्रंथ झाला, त्याच्याच चौकटीत मुक्तीनंतरही गोव्यातील देवस्थानांचा कारभार चालत आला. वर्षाचे अंदाजपत्रक करावयाचे, खजिनदाराने पैसा सांभाळावयाचा, जमाखर्च लिहून ठेवावयाचा. हा खटाटोप कशासाठी? देवाचा पैसा ज्याच्या हाती असतो त्याचा तो नसतो, म्हणून. हाती असणे निराळे आणि मालक असणे निराळे, हे तत्त्व देवळात आपल्याला स्पष्ट दिसते. खजिनदार कितीही सज्जन असो, हिशेब मागितल्याने त्याचा अपमान होतो असे कोणी मानीत नाही.

मग घराचा पैसा कोणाचा? कमावणाऱ्याचा, असे आपण बोलून दाखवितो वा न बोलता मानतो. पण कमावणारा शनिवारी मजुरी आणू शकतो ती कोणी पहाटे पेज केली, कोणी कपडे धुतले, कोणी त्याच्या म्हाताऱ्या आईला सांभाळले म्हणून. मिळकत एकाच्या हातात पडते, पण ती साऱ्या घराच्या श्रमाने पिकलेली असते. म्हणून घराचा पैसाही एका अर्थी देवस्थानाच्या पैशासारखाच आहे. ज्याच्या हाती तो असेल त्याने बाकीच्यांना हिशेब द्यावा. आपल्या घरांत मात्र उलटी रीत दिसते. जिच्या हाती बाजाराचे थोडे पैसे दिले जातात तिला तेल कितीचे, कोथिंबीर कितीची, असे विचारले जाते. आणि जो ते देतो त्याने देण्यापूर्वी किती बाजूला ठेवले, हे विचारण्याची सोय नसते.

देवळात हिशेबासोबत आणखी एक गोष्ट असते, आणि माझ्या मते ती घराच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. पूजा झाल्यावर प्रसाद वाटला जातो. तो थोडा असतो, पण प्रत्येकाला मिळतो. आणि एकदा हातावर पडला की तो तुम्ही येथेच खाल्ला की पदरात बांधून घरी नेला, याची चौकशी पुजारी करीत नाही. हातखर्च हा घराच्या पैशाचा प्रसाद आहे. सामाईक पैशाचा हिशेब पै-पैचा असावा. पण त्यातून प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातावर अगदी थोडे का होईना, असे काही पडावे की ज्याचा हिशेब कोणी मागणार नाही. समजा, एका घराकडे आठवड्याला दीड हजार रुपये आहेत. त्यांतून घरातील तिन्ही मोठ्या माणसांना वीस-वीस रुपये दिले तर साठ रुपये जातात. चुलीला ते जाणवतील, यात शंका नाही. पण त्या वीस रुपयांत सासूबाईंना देवीला फुलांची वेणी नेता येईल, सुनेला चार आठवडे साठवून स्वतःच्या पसंतीच्या बांगड्या घेता येतील, आणि त्यासाठी कोणाकडे तोंड वेंगाडावे लागणार नाही. मागितल्यावाचून मिळालेले वीस रुपये आणि मागून मिळालेले वीस रुपये यांत जो फरक आहे, त्यालाच आपण माणसाची प्रतिष्ठा म्हणतो.

या म्हणण्यावर सर्वांत कठीण आक्षेप असा आहे. स्वतःच्या खर्चाचा हक्क मान्य केला तर त्याचा पहिला फायदा कोण घेईल? जो आजच घेत आहे तो. मजुरी घरी पोचण्यापूर्वी वाटेवरील गुत्त्यात थांबणारा माणूस म्हणेल की, हा माझा हातखर्च आहे आणि त्याचा हिशेब मागू नका. अशा घरांची दुःखे ज्याने पाहिली आहेत तो हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. परंतु नीट पाहिले तर आपण सांगितलेला हातखर्च आणि हा खर्च यांची जात वेगळी आहे. हातखर्च आधी ठरलेला असतो, सर्वांना सारखा असतो आणि अन्नाचे पैसे बाजूला काढल्यावर मग येतो. गुत्त्यावरचा खर्च यांपैकी एकही अट पाळीत नाही. त्या माणसाचा अपराध तो स्वतःवर खर्च करतो हा नाही. त्याने दुसऱ्यांचे वाटे उचलले, हा आहे. अपराधाचे नाव बरोबर घेतले म्हणजे उपायही बरोबर सुचतो. सर्वांचा स्वतःचा खर्च बंद करून त्याला आळा बसत नाही. बाकीच्यांचा थांबतो आणि त्याचा चालू राहतो, एवढेच होते.

शासनालाही हा प्रश्न अपरिहार्यपणे सोडवावा लागला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली. गोवा सरकारने २०१२ साली गृहिणींसाठी 'गृह आधार' योजना काढली. आरंभी महिन्याला १,००० रुपये असलेली रक्कम पुढे १,५०० झाली. आठवड्याच्या हिशेबाने ते साडेतीनशे रुपयांच्या आतबाहेर पडतात. या योजनांच्या राजकारणात येथे शिरावयाचे नाही. पण त्यांविषयी जे बोलले जाते ते मात्र विचार करण्याजोगे आहे. 'बायका तो पैसा कशावर उडवितात कोण जाणे,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुरुषाच्या मजुरीविषयी हाच प्रश्न तितक्या सहजतेने विचारला जात नाही. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. बाईच्या नावे पैसे येऊ लागले की, 'आता तुला मिळतात ना,' असे म्हणून बाजाराला देण्याची रक्कम तेवढीच कमी केली, तर सरकारने दिले तिला आणि पोचले दुसऱ्यालाच. कायदा पैसा दारापर्यंत आणू शकतो. उंबरठ्याच्या आत त्याची वाटणी न्यायाने व्हावी, हे काम घरच्या नीतीचेच आहे.

तेव्हा थोड्या पैशात आठवडा चालविणाऱ्या घराने काय करावे? अन्नाचा खर्च तोंडे मोजून आधी मांडावा आणि वाढताना जो नेहमी शेवटी जेवतो त्याचे ताट निदान एखाद्या वारी आधी वाढावे. पावसासाठी, कितीही थोडे असो, मूठभर बाजूला काढावे. पुरुमेंत पोत्याने जमत नसेल तर शेराने जमवावे. सामाईक पैशाचा हिशेब सर्वांसमोर असावा आणि कमावणाऱ्यानेही त्यात आपली पूर्ण मिळकत लिहावी. प्रत्येकाला ठरलेला हातखर्च द्यावा आणि त्याची विचारपूस करू नये. चवथीच्या आणि जत्रेच्या खर्चाला मर्यादा घालावयाची झाल्यास शेजाऱ्याच्या नजरेसाठी जे होते ते आधी कमी करावे. माटोळीला रानातील चार फळे कमी बांधली म्हणून गणपती रुसल्याचे ऐकिवात नाही, पण कर्ज काढून लावलेल्या रोषणाईने घरे बसल्याचे पुष्कळांनी पाहिले आहे.

आणि आपण, ज्यांचा आठवडा थोडासा सुखाचा आहे, त्यांनी काय करावे? निदान एवढे की, गरिबाच्या पिशवीत डोकावून त्याच्या चैनीचा हिशेब करू नये. जत्रेच्या फडात एखादी कष्टाळू वृद्धा पदराची गाठ सोडून स्वतःसाठी, केवळ स्वतःसाठी, खाज्याची लहानशी पुडी घेते. ती नातवंडांना त्यातले देईल किंवा न देईल. तो तिचा प्रश्न आहे. तिच्या साऱ्या आयुष्याच्या जमाखर्चात तिच्या स्वतःच्या नावे पडलेल्या फार थोड्या रकमांपैकी ती एक आहे, आणि ती पाहून आपल्याला आनंद झाला पाहिजे.